चार रेघांची तुळई

निरोप आला तेव्हा रेने थिबोडो माळ्यावर कोळिष्टकांत पोटावर पडलेली होती. फोन खिशात थरथरला. प्रयोगशाळेतून तिच्या प्राध्यापकांनी मोजून तीन वाक्यं लिहिली होती. ‘वाशांचे आठही नमुने जुळले. शेवटचं वलय १७६२ चं, आठही ठिकाणी. ती तुळई पुन्हा बघ.’

तिने ते तीनदा वाचलं. मग विजेरी वाशांवरून फिरवली, जणू वाशांनीच काही खुलासा करावा.

घराच्या मागच्या अंगाला डेल हॅथवेची पहार चालू होती. जुना खिळा सुटताना किंचाळायचा आणि फळी गवतावर पडल्याचा धप्प आवाज यायचा. सकाळी आठपासून हेच चाललं होतं. आता अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. तीन वाजता रस्ते खात्याचे ओलिवेरा पाहणीला यायचे होते.

हॅलम गावाबाहेरचं रस्त्याचं वळण सरळ करायचं ठरलं होतं आणि नकाशावरची सरळ रेघ याच घराच्या, म्हणजे अल्मा हॅथवेच्या, बैठकीच्या खोलीतून आरपार जात होती. खात्याने एकच सवलत ठेवली होती. सन सतराशेच्या आधीच्या घराच्या चौकटीचा काही भाग तरी मूळ जागी उभा असेल, तर रस्ता वळसा घेईल. अल्माला हे वाक्य पाठ होतं. उद्याच्या हवेचा अंदाज सांगावा तशा कोरड्या आवाजात ती ते म्हणायची.

आणि रस्त्याकडेला, पोस्टाच्या पेटीशेजारी, लोखंडी खांबावर पाटी होती: ‘हॅथवे घर, १६८९. एझ्रा हॅथवे याने या जागी बांधले.’ पाटी १९३० ची. शाळेच्या सहली तिच्यापुढे उभं राहून फोटो काढत. दर वसंतात अल्मा स्टूल घेऊन तिथे जायची आणि अक्षरांत काळा रंग भरायची.

पंधरा दिवसांपूर्वी रेनेने घराचं वय ठरवायला बैठकीच्या खोलीतल्या छताच्या मोठ्या तुळईत पोकळ गिरमिट घालून पेन्सिलीएवढी कांडी काढली होती. ओकचं लाकूड, अगदी सालीपर्यंत शाबूत. लाकडाची वलयं म्हणजे पावसापाण्याची रोजनिशीच. चांगल्या वर्षाचं वलय रुंद, दुष्काळी वर्षाचं केसाएवढं. शेवटचं वलय १६८८ चं निघालं. म्हणजे झाड १६८८-८९ च्या हिवाळ्यात पडलं. पाटी खरी होती. अल्माने तिला ॲपल-पाय खाऊ घातला आणि गावच्या इतिहास समितीचे अध्यक्ष विन्स्लो पीज यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ हलवला.

पण एका तुळईचा अहवाल होत नाही, म्हणून तिने माळ्यावरच्या आठ वाशांचे नमुनेही पाठवले होते.

आता ती शिडीवरून खाली आली. बैठकीची खोली रिकामी होती. तिने खुर्ची ओढली, चढली आणि तुळईच्या टोकाला लावलेली सजावटीची पट्टी सुरीच्या पात्याने हलकेच उचकटली. पट्टीमागे, तुळईच्या खालच्या अंगाला, एक रिकामी खाच होती. तळहाताएवढी, तिरका आधार बसावा तशी कोनात कापलेली. तिच्यात काहीच बसलेलं नव्हतं. या खोलीत त्या खाचेला काही कामच नव्हतं.

शेजारी सुताराची खूण होती. त्या काळी चौकट आधी जमिनीवर जुळवत, प्रत्येक जोडाला आकडा देत आणि मग उभी करत. पटाशीने गोलाई कोरता येत नाही म्हणून आकडे सरळ रेघांचे. इथे चार उभ्या रेघा होत्या आणि शेवटच्या रेघेला झेंड्यासारखी एक तिरपी चीर. ही तुळई भिंतीच्या माथ्यावरच्या ज्या आडव्या लाकडात, बहालात, बसली होती, त्यावर मात्र खुणेची जागा कोरी होती.

रेने खुर्चीवर तशीच उभी राहिली. तुळई दुसऱ्या कुठल्या तरी घरातून इथे आणून बसवलेली होती. हे घर १७६३ चं होतं. आणि पंधरा दिवसांपूर्वी, नेमक्या याच टोकाची पट्टी न उघडता, तिने सगळ्यांना आनंदाची बातमी देऊन टाकली होती.

“काय गं, भूत दिसलं का?” अल्मा दारात उभी होती. पंचाहत्तरी गाठलेली, उंच, पुरुषी कोट घातलेली. एके काळी शाळेची बस चालवायची आणि अजूनही कुणाशीही आरशातून मागे बघत बोलल्यासारखी बोलायची. हातांत कॉफीचे दोन मग होते आणि काठी मनगटाला अडकवलेली. “तुमच्या उत्तरेकडच्या त्या बटाट्यांच्या मुलखात भुतं असतात की नाही?”

“आमच्याकडे घरंच टिकत नाहीत मिस हॅथवे, भुतं राहणार कुठे?” रेने खाली उतरली. “मला तुम्हाला एक सांगायचंय. वाईट आहे.”

“उभ्याने ऐकू की बसून?”

“बसा.”

अल्मा बसली नाही. रेनेने सांगितलं, जितकं सरळ सांगता येईल तितकं. वासे, खाच, रेघा. मागून पहारीचा आवाज येतच होता.

ती थांबली तेव्हा दारातून विन्स्लो पीज आत येत होते. निवृत्त दंतवैद्य, चापूनचोपून बांधलेला गळपट्टा, बगलेत फाइल. शेवटची दोन वाक्यं त्यांनी ऐकली असावीत. त्यांनी फाइल टेबलावर ठेवली आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, “हे बघ मुली, तुळई १६८९ ची आहे हे खरं ना?”

“खरं.”

“ती या घरात आहे हेही खरं?”

“हो, पण—”

“मग अहवालात तेवढंच लिही. खोटं एक अक्षर नाही. वाशांबद्दल तुला कुणी विचारलंय?”

“ओलिवेरा विचारतील.”

“ओलिवेरा इंजिनिअर आहेत. त्यांना डांबरातलं कळतं.”

“विन्स्लो,” अल्मा म्हणाली, “पोरीला बोलू दे.”

“अल्मा, तीन वाजता तुझं घर जातंय.”

“माझं घर जातंय हे मला माहीत आहे. म्हणूनच म्हणते, बोलू दे.” ती रेनेकडे वळली. “तू तेवढंच लिहिलंस तर काय होईल?”

“कदाचित चालून जाईल. पण माझ्या प्राध्यापकांकडे आठ वासे आहेत. आज ना उद्या कुणीतरी दोन्ही कागद शेजारी ठेवेल. आणि मी ते लिहू शकत नाही, मिस हॅथवे. मी प्रयत्न केला तरी हातून उतरणार नाही.”

“माझ्या आजोबांनी ती पाटी लागली तेव्हा भाषण केलं होतं,” अल्मा म्हणाली. “एझ्राने इथेच पहिला हिवाळा काढला म्हणून. सगळं गाव आलं होतं म्हणे. म्हणजे एझ्रा कुठे राहायचा? झाडावर?”

विनोदाने विचारलेला प्रश्न रेनेच्या डोक्यात मात्र काट्यासारखा अडकला. एवढी जाडजूड ओकची तुळई कुणी लांबून वाहून आणत नाही. बैलांनाही ती जड. जुनं घर जवळच असणार. हाकेच्या अंतरावर.

तेवढ्यात डेल आत आला. अल्माच्या भावाचा मुलगा, पन्नाशीचा सुतार, दाढीत भुसा. त्याने हातातला लाकडाचा तिरका तुकडा स्वयंपाकघराच्या लादीवर आपटला. “आत्या, कसली तुझी ही मागची खोली? करवतीचे तीन दात गेले. तू म्हणालीस पाइनच्या फळ्यांची शेड आहे.”

“आहेच शेड. माझ्या पणजोबांनी टाकलेली. बरण्या आणि बर्फाची फावडी ठेवायला.”

“फळ्या पाइनच्याच. आतली हाडं ओकची आहेत. लोखंड झालंय नुसतं.”

ती मागची खोली पाडायची कल्पना विन्स्लोंची. जुन्या देखण्या घराच्या पाठीला ती बसकी, वेड्यावाकड्या छपराची खोली गळवासारखी चिकटलेली आहे, ओलिवेरांनी घर बघावं ते त्याच्या मूळ रूपात, असं समितीने ठरवलं होतं. या भागातल्या समित्या असंच करत आल्या होत्या. रस्त्यावरून दिसतं ते जुनं, मागे असतं ते नंतरचं. मागचं काढून टाकलं की इतिहास उरतो.

रेने खाली वाकली. तुकड्यावरची धूळ तिने बाहीने पुसली. चार उभ्या रेघा. शेवटच्या रेघेला झेंडा.

“हा कुठून काढला?”

“कोपऱ्यातून. खांबाला आधार होता. का?”

“किती उरलंय अजून?”

“एकच भिंत. गाडीला पट्टा बांधून ठेवलाय. आता जाऊन ओढतो आणि जेवायला—”

ती धावली. मागून अल्माने हाक मारलेली तिला ऐकू आली, पण थांबायला वेळ नव्हता.

मागच्या अंगणात खोलीचं फारसं काही उरलेलं नव्हतं. चुलीचे काळे दगड उघड्यावर पडले होते, फळ्यांचा आणि पाडलेल्या खांबांचा ढीग होता, आणि पलीकडच्या टोकाला एकटी चौकट उभी होती. दोन खांब आणि त्यांच्या डोक्यावर एक जाड बहाल, पुरुषभर उंचीच्याही वर. बहालाभोवती पिवळा पट्टा गुंडाळलेला. पट्ट्याचं दुसरं टोक गवतावर उभ्या डेलच्या पिकअप गाडीला, तारेसारखं ताणलेलं.

ती चौकटीकडे निघाली तसा डेलने मागून तिचा दंड धरला.

“खाली जाऊ नको. आधार काढलेत मी दोन्ही. ती आत झुकलीये, चुलीकडे. पट्ट्याने तोलून धरलीये.”

“मग पट्टा सैल नको करू.”

“सैल केला तर दगडांवर आपटेल, ओढला तर गवतावर. दोन्हीकडे तुकडेच. मी पाडायला बांधलाय गं, टांगायला नाही.”

“डेल, गाडीत बस,” अल्मा म्हणाली. ती काठी टेकत, धापा टाकत पोचली होती. “ब्रेक दाबून धर.”

“हॅन्डब्रेक लावलाय ना.”

“तुझा हॅन्डब्रेक मला माहीत आहे. गेल्या ईस्टरला गाडी एकटीच चर्चला निघाली होती. बस.”

डेल बसला. रेनेने विन्स्लोंकडे आणि अल्माकडे बघून भराभर सांगितलं. जुनं घर कुठे गेलेलंच नव्हतं. हीच ती एका खोलीची मूळ वास्तू असावी. १७६३ मध्ये पुढे नवं मोठं घर उभं राहिलं, तेव्हा जुन्याचा वरचा पोटमाळा उतरवला असेल आणि त्याची सगळ्यात चांगली तुळई पुढच्या बैठकीत नेली असेल. जुनं घर मग शेड झालं. फळ्या नंतरच्या, हाडं मूळची. “तसं असेल तर त्या बहालात, आतल्या बाजूला, तुळईची खाच असली पाहिजे. आणि खाचेशेजारी ही खूण.”

“आणि नसेल तर?” विन्स्लोंचा आवाज बारीक झाला होता. खोली पाडायचं पत्र त्यांच्याच सहीचं होतं.

“नसेल तर नाही.”

“इथून दिसत नाही का?”

“शतकभराचा चुना आहे त्यावर. खरवडावा लागेल.”

गाडीचं इंजिन गुरगुरत होतं.

“आधी टेकू,” अल्मा म्हणाली. “विन्स्लो, कोट काढ. त्या लांब फळ्या आण. दात काढायला जोर लागतो म्हणायचास ना, दाखव आता.”

त्यांनी पाइनच्या फळ्या दुहेरी ठोकल्या. पहिला टेकू डावीकडच्या खांबाला आतून लावला, पायाशी चुलीचा दगड अडवला. विन्स्लो हातोडी चुकीच्या टोकाला धरत होते. अल्माने ती काढून घेतली. प्रत्येक घावासरशी वरून चुन्याची पूड गळायची आणि सगळे थिजायचे. उजवीकडचा टेकू लावायला फळी पुरेना. जोडून घ्यावी लागली. एक वाजून पन्नास मिनिटं झाली.

“आता जाते,” रेने म्हणाली.

“दुसरा टेकू अजून पक्का नाही,” गाडीतून डेल ओरडला.

“जोडाला अजून अर्धा तास लागेल. आणि खाच नसेल तर टेकू कशाला लावताय?”

अल्माने तिच्याकडे पाहिलं. “तुझ्या आईला फोन मला करावा लागणार नाही असं बघ.”

रेनेने शिडी चौकटीला न टेकवता घडीचीच उभी केली, चुलीच्या दगडांत. चौथ्या पायरीवर तिचं डोकं बहालाच्या उंचीला आलं. झुकलेलं लाकूड तिच्या कपाळापासून वीतभर अंतरावर होतं. तिने सुरीची पाठ चुन्यावरून ओढली. पापुद्रा निघाला, खाली दुसरा. मध्यावरून सुरुवात करायची, तुळई नेहमी मध्यावर. चुना, चुना, मग काळपट ओक. काहीच नाही. अंगठाभर डावीकडे. काहीच नाही.

बहाल कुरकुरला. आवाज मोठा नव्हता; कुणीतरी झोपेत कूस बदलावी तेवढा. शिडीवरून तिला पट्टा बोटभर सरकलेला दिसला.

“डेल,” अल्मा म्हणाली.

“ब्रेकच दाबलाय, आत्या. पट्टा घसरतोय लाकडावर.”

“उतर पोरी.”

“एक मिनिट.”

उजवीकडे सुरी अचानक आत गेली. चुन्याचा लपका सुटून पडला आणि मागे अंधार दिसला. खाच. तिने बोटं घातली, खोली पाहिली, खिशातली मोजपट्टी लावली. रुंदी साडेसात इंच. बैठकीतल्या तुळईची रुंदीही तेवढीच होती. ते तिने पंधरा दिवसांपूर्वीच वहीत लिहिलं होतं. वरच्या काठाशी तिने तळहाताने चुना घासला. एक रेघ. दोन. तीन. चौथी पुसटशी. आणि तिला झेंडा.

“आहे,” ती म्हणाली.

ती उतरली. अल्माने रेनेच्या केसांतला चुना झटकला आणि पुन्हा हातोडी उचलली.

दुसऱ्या टेकूचा शेवटचा खिळा ठोकला जात असताना ओलिवेरा आले. तीनला दहा मिनिटं कमी होती. बुटका, शांत माणूस, डोक्यावर पिवळं शिरस्त्राण. ते आधी पुढे गेले होते. पाटी वाचून, घराला एक चक्कर घालून मागे आले. चौकट, पट्टा, गाडी, गाडीतला डेल, चुन्याने पांढरे झालेले दंतवैद्य, सगळ्यांवरून त्यांची नजर सावकाश फिरली.

“मला घर बघायला बोलावलं होतं,” ते म्हणाले.

विन्स्लो पुढे झाले. “आमच्या समितीच्या मते—”

“विन्स्लो, तू बस,” अल्मा म्हणाली.

रेनेने सांगितलं. पुढचं घर १६८९ चं नाही, १७६३ चं आहे, हे आधी सांगितलं. ते सांगताना तिला अल्माकडे बघवलं नाही. मग तुळई, मग खूण, मग मोजमाप. ओलिवेरांनी ऐकून घेतलं, आत जाऊन खुर्चीवर चढून तुळईच्या रेघा स्वतः मोजल्या, बाहेर येऊन शिडीवर चढले आणि बहालाच्या रेघा मोजल्या.

“एकाच सुताराच्या हातच्या?”

“बहुतेक एकाच दिवसाच्या. या पडलेल्या खांबाची चकती कापून प्रयोगशाळेत पाठवते. साल शाबूत आहे. महिन्याभरात वर्ष कळेल. आज मी खात्रीने फक्त तुळईचं सांगू शकते.”

“ठीक.” ते शिडीवरून उतरले. “पण कागदावर शब्द आहे ‘उभा’. ही चौकट उभी आहे, की तुमच्या गाडीने धरलीये?”

रेनेला उत्तर माहीत होतं. “सध्या गाडीने,” ती म्हणाली.

विन्स्लोंनी डोळे मिटले.

“टेकूंवर राहील का?”

“मला माहीत नाही.”

“डेल,” अल्माने हाक मारली. “पट्टा सैल कर.”

“आत्या, रात्रभर टेकूंवर मुरू दे ना. उद्या सकाळी—”

“उद्या ओलिवेरा नसतील. कर.”

“पडली तर?”

“पडली तर ती पडायचीच होती. मग मी खोट्या पाटीला रंग लावत बसणार नाही. कर म्हणते.”

डेलने ब्रेकवरचा पाय उचलला. गाडी बोटभर मागे आली. पट्ट्याचा ताण किंचित ओसरला. चौकट कुरकुरली. आणखी बोटभर. डाव्या टेकूखालचा दगड मातीत रुतला आणि थांबला. उजवीकडचा जोड वाकला, रेनेला खिळे ताणलेले दिसले, तिने नकळत अल्माची बाही धरली. आणखी बोटभर. पट्टा लोंबकळला, त्याची मधली कमान गवताला टेकली.

बहाल एकदा कण्हला आणि गप्प झाला.

ओलिवेरांनी घड्याळ बघितलं. मग खिशात हात घालून तसेच उभे राहिले. दोन मिनिटं गेली. पाच गेली. रस्त्यावरून एक दुधाचा टँकर धडधडत गेला, जमीन हादरली, चुन्याची चिमूटभर पूड गळली. कुणी हललं नाही.

“अजून किती वेळ बघणार?” अल्माने विचारलं. “तिला तीनशे वर्षांची सवय आहे, तुमचे पाय दुखतील.”

“टँकर गेला तेवढं पुरे,” ओलिवेरा म्हणाले. ते चौकटीपाशी गेले, डाव्या खांबावर तळहात ठेवला आणि हलकेच रेटून बघितलं. मग फाइल उघडून गुडघ्यावर ठेवली. “चकतीचा निकाल महिन्यात आला पाहिजे. तोवर आखणी थांबवतो. वर्ष जुळलं तर रस्ता वळसा घेईल. नाही जुळलं, तर मी काही करू शकणार नाही.”

“जुळेल,” अल्मा म्हणाली आणि रेनेकडे बघितलं.

“जुळावं,” रेने म्हणाली.

ओलिवेरा लिहू लागले. अल्मा त्यांच्या खांद्यामागे जाऊन वाचत होती.

“‘टेकवलेली’ काय लिहिताय?”

“टेकवलेलीच आहे ना, मॅडम.”

“मीही काठी घेऊन चालते. मला कुणी टेकवलेली म्हणत नाही.”

त्यांनी पेन थांबवलं, चौकटीकडे एकदा पाहिलं, शब्द खोडला आणि वर लिहिलं: ‘उभी. दोन टेकूंसह.’ खाली सही केली आणि वेळ घातली: तीन वाजून बावीस मिनिटं.